राडिमच्या निळ्या सपाता

४ सप्टेंबर

ही वही टपाल खात्याची आहे. मी निवृत्त झाले त्या दिवशी कपाटात अशा तीन कोऱ्या वह्या होत्या, त्या पिशवीत घालून आणल्या. चौतीस वर्षं खिडकीत बसून लोकांची पाकिटं घेतली आणि सह्या खऱ्या असल्याचे शिक्के मारले, त्या मानाने तीन वह्या काही फार नाहीत. आज पहिली उघडली, कारण आजपासून घरात परकं माणूस आहे. काही कमीजास्त झालंच तर तारखेनिशी लिहिलेलं असावं.

परकं माणूस म्हणजे डिलिस प्रोथेरो. वय एकावन्न, पेशाने शिक्षिका, गाव वेल्समध्ये. इंग्रज म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात. तरुणपणी दोन वर्षं इथे ब्रनोतच शिकवून गेली होती, त्यामुळे चेक बोलते, पण पाच वर्षांच्या पोरासारखं आणि तितक्याच बेधडकपणे. तिकडच्या शाळेने माणसं कमी केली, त्यात हिचं नाव निघालं. घरी बसून कुढण्यापेक्षा पुन्हा ब्रनो गाठावं असं वाटलं म्हणे. राहायला तिला राडिमची खोली दिली. राडिम माझा मुलगा. शिकागोला घरं रंगवण्याची कामं घेतो, अकरा वर्षं झाली. फार कामात असतो. खोली नुसतीच गरम ठेवत होते.

दारात तिने बूट काढले, एवढं तिच्या लक्षात होतं, आणि पाय थेट राडिमच्या निळ्या सपातांत घातले. मी म्हटलं, त्या नव्हेत, पाहुण्यांच्या त्या तपकिरी. तपकिरी तिला दोन बोटं मोठ्या होतात. दिवसभर फरफर आवाज करत घरात फिरते आहे.

८ सप्टेंबर

चार दिवसांत चार भाषाशाळा पालथ्या घातल्या तिने. सगळीकडे चहा मिळाला, हसून बोलले, आणि शेवटी एकच प्रश्न: कागद आहेत का? पूर्वी तिच्या लोकांना कागद लागत नसत. मग त्यांचा देश आपल्या आपण युरोपीय युनियनबाहेर पडला आणि आता ती इतर परक्यांसारखीच परकी झाली. नव्वद दिवस राहता येतं, पण एक तासही शिकवून पैसे घेता येत नाहीत. शाळा म्हणतात, आधी परवाना आण मग तास देतो. कचेरी म्हणते, परवाना हवा तर आधी इथला पत्ता, इथलं कामाचं काहीतरी दाखव.

"टोमकोव्हाबाई, मी जिन्यात उभी आहे," ती म्हणाली. "वरचे म्हणतात खालून या, खालचे म्हणतात वरून या."

मी तिला बटाट्याचं सूप वाढलं. दोनदा घेतलं.

१३ सप्टेंबर

वाट सापडली. स्वतंत्र शिक्षिका म्हणून धंद्याचा परवाना काढायचा आणि त्याच्या जोरावर व्हिएन्नातल्या आपल्या वकिलातीत व्हिसाचा अर्ज टाकायचा. व्हिसा हातात आला की शाळा तास द्यायला तयार. त्यासाठी एक कागद माझा लागतो: ही बाई माझ्या घरात राहते, त्याला माझी संमती आहे, खाली सही.

दुपारी तळमजल्यावरच्या पोकोर्नाबाई आल्या. आमच्या इमारतीच्या समितीच्या त्या अध्यक्ष, आणि इमारतीत माशी शिरली तरी त्यांना कळवावं लागतं. म्हणाल्या, "ब्लाझेना, परक्याला सही देऊ नकोस. उद्या ती खोली सोडायची नाही, आणि मग तू बस कोर्टाच्या पायऱ्या झिजवत." मी म्हटलं, बघते. त्यांनी नाक मुरडलं म्हणूनच संध्याकाळी सही करून टाकली.

सही टपाल कचेरीत जाऊन शिक्कामोर्तब करून घ्यायची असते. पण मी माझ्याच खिडकीपुढे रांगेत उभी राहू? माझ्या हाताखाली शिकलेल्या यित्काने माझं ओळखपत्र मागून माझा चेहरा ताडून पाहायचा? शिवाय टोमकोव्हाबाई भाडेकरू ठेवायला लागल्या ही बातमी संध्याकाळपर्यंत आमच्या साऱ्या लीशेन वस्तीभर झाली असती. मी डिलिसला सांगितलं, माझी सही अर्धं शहर ओळखतं, शिक्क्याची गरज नाही. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, चौतीस वर्षं मीच शिक्के मारत होते, मला विचारतेस?

जाता जाता म्हणाली, टपालाच्या डब्यावर माझ्या नावाची चिठ्ठी लावाल का? लावते म्हटलं, उद्या.

१९ सप्टेंबर

व्हिएन्नाला जाऊन आली. अर्ज घेतला. खिडकीतल्या माणसाने माझा कागद उलटसुलट करून पाहिला म्हणे, पण घेतला. मी तिला म्हटलं होतंच.

डब्याखाली चिठ्ठी घेऊन उभी राहिले होते आज. डब्यावर माझ्या नवऱ्याने, अलोइसने, स्वतः कोरून लावलेली पितळेची पट्टी आहे: टोमको – अलोइस, ब्लाझेना, राडिम. चौथ्या नावाला जागाच नाही. अलोइसला जाऊन चार वर्षं झाली, पण ट्रामच्या ड्रायव्हरचा हात किती स्थिर असतो ते त्या अक्षरांत दिसतं. त्यावर चिकटपट्टी लावायचं जिवावर आलं. वर आले आणि तिला लावली म्हणून सांगितलं. लावणारच आहे.

२ ऑक्टोबर

आज आमचं वाजलं. म्हणजे मी तावातावाने बोलले आणि ती हळू आवाजात, पण ते वाजल्यासारखंच.

दुशेक नावाच्या एका शाळावाल्याने तिला गाठलं. चांगला माणूस दिसतो. म्हणाला, कागद येतील तेव्हा येतील, तोवर एका कारखान्याच्या कचेरीत आठवड्याला दहा तास घे, पैसे हातात देतो, विचारतंय कोण. आणि ही बया चक्क नाही म्हणून आली. जवळची पुंजी संपत आली आहे, गेला आठवडाभर ब्रेड आणि चीजवर काढते आहे, ते मला दिसत नाही असं तिला वाटतं. माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "अगं, सगळं जग असंच चालतं. माझा राडिम बघ. गेला तेव्हा फिरायला म्हणून गेला होता, त्याला कुठे कोणी कागद मागितला? हात चालतो ना, मग झालं. आज त्याची स्वतःची गाडी आहे, शिड्या आहेत."

ती कप विसळत होती. नळ बंद केला.

"इतक्या वर्षांत एकदाही आला नाही तो?"

"कामं असतात," मी म्हटलं. "उन्हाळ्यात रंगकामाचा हंगाम, आणि हिवाळ्यात तिकडे बर्फ."

तिने तोच कप पुन्हा विसळला. मग म्हणाली, "लपून राहता येतं, टोमकोव्हाबाई. कितीही वर्षं. फक्त एकदा बाहेर पडलं की परत आत येता येत नाही. मला असं राहायचं नाही, जिथून आईला भेटायला जाता येणार नाही."

मी म्हटलं, तुझी मर्जी. तिची आई वेल्समध्ये एकटी असते, एकोणऐंशी वर्षांची. तिचा विषय निघाला की डिलिसचा चेहरा असाच पडतो. मला वाईट वाटलं, म्हणून रात्रीच्या जेवणाला डंपलिंग केले आणि आग्रह करून वाढले.

८ ऑक्टोबर

रविवार, राडिमचा फोन. मुलाचं एक बरं आहे, कितीही कामं असोत, रविवार चुकवत नाही. यंदा जंगलात अळंबी कशी आली ते विचारलं, पायाची सूज विचारली. मी डिलिसचं गाऱ्हाणं त्याच्या कानावर घातलं, की समजाव रे बाबा, काम चालून आलंय तर लाथाडते आहे.

त्याने मला मध्येच तोडलं.

"आई, तिला सांग, घेऊ नकोस ते काम. कागदाची वाट बघ म्हणावं. उपाशी राहा पण वाट बघ." एवढं बोलून लगेच म्हणाला, इथे पाऊस सुरू झालाय, शिड्या आत घ्यायच्यात.

तोही तिच्याच बाजूचा निघाला. आईची बाजू घ्यायला कोणी नाही.

२० ऑक्टोबर

पोकोर्नाबाई इंग्रजी शिकतात. होय, त्याच. डिलिस पैसे घेत नाही म्हटल्यावर पहिल्याच दिवशी प्लमचा केक घेऊन हजर. आठवड्यातून दोनदा माझ्या स्वयंपाकघरात बसून बाजारहाट, हवामान आणि दुखणी इंग्रजीत घोकतात. "बाई शिकवते छान," मला जिन्यात म्हणाल्या, जशी काही त्यांनीच आणली होती. मी ऐकते बसून. डिलिस चूक झाली की हसत नाही, ते वाक्य स्वतः नीट म्हणते आणि पुढे जाते. पोकोर्नाबाईंना कळतही नाही की आपण चुकलो होतो. असं शिकवणाऱ्या बाईला जिन्यात उभं ठेवलंय लोकांनी.

२ नोव्हेंबर

आज मृतांच्या स्मरणाचा दिवस, सगळं शहर मेणबत्त्या घेऊन स्मशानात. डिलिस सोबत आली, शेवंतीची कुंडी तिने धरली. अलोइसच्या दगडावरची पानं झाडली, चार दिवे लावले. एक राडिमच्या वतीने, दरवर्षी लावते.

मी तिला सांगितलं की अंत्यविधीला राडिमला तिकीट मिळालं नाही. हंगाम होता, विमानं भरलेली. मी अलोइसला तीन दिवस जास्त ठेवायला लावलं, तरी नाही जमलं. अलोइसच्या बहिणीने त्यावरून आजतागायत माझ्याशी नीट बोलणं टाकलंय. म्हणते, बापाला माती द्यायला न येणारं पोर. मलाही तेव्हा राग आला होता, ते इथे लिहायला हरकत नाही. अजून आहे थोडा.

डिलिसने माझा दंड धरला आणि स्मशानाच्या फाटकापर्यंत सोडला नाही. थंडी फार होती.

९ नोव्हेंबर



बेकरीत यित्का भेटली. इकडचं तिकडचं बोलली आणि सहज म्हणाली, "तुमच्या पत्त्यावर कोण प्रोथेरो आहे का हो? सरकारी पाकीट आलं होतं, निळ्या पट्टीचं. पोस्टमनला डब्यावर नाव दिसलं नाही, दारावर नाही. परत लावलं त्याने." मी विचारलं, कधी? म्हणाली, झाला आठवडा.

निळी पट्टी म्हणजे हातोहात द्यायचं पाकीट. डब्यावर नाव नसेल तर ते परत जातं, आणि गेलं तरी मिळालं असंच धरतात. मुदत सुरू होते, आणि ज्याच्यासाठी ती सुरू झाली त्याला पत्ताच नसतो. हे मी किती लोकांना खिडकीतून सांगितलं असेल. नाव लावा हो डब्यावर, एवढं साधं कसं कळत नाही, असं म्हणत असे मी.

घरी आले तर पोकोर्नाबाईंची शिकवणी चालू होती. आत जाऊन पलंगावर बसले. डिलिसला सांगितलं नाही. आधी बघू काही होतं का.

१० नोव्हेंबर

पहाटे पाचला परदेशी लोकांच्या कचेरीपुढे गेले. चांगला कोट घातला, ओळखपत्र घेतलं. माझ्यापुढे साठसत्तर माणसं होती. दिवस उजाडेपर्यंत सगळे पाय आपटत उभे. कोणी भाऊ, कोणी बायको, कोणी तान्हं मूल घेऊन. इथलीच अशी मी एकटी.

माझ्या पुढे एक जॉर्जियाची बाई होती, शिवणकाम करते. गप्पा लागल्या. तिची आई मे महिन्यात गेली. मी म्हटलं, मग जाऊन आलीस ना? तिने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं.

"कशी जाणार, मावशी? माझे कागद संपलेले होते. गेले असते तर परत आत कोण घेणार होतं? मी फोनवर पाहिलं सगळं. घरी सांगितलं, तिकीट मिळालं नाही."

मग रांग पुढे सरकली आणि मी सरकले नाही. मागच्याने ढकललं.

तिकीट मिळालं नाही. अकरा वर्षं कामात असतो. फिरायला म्हणून गेला होता. घेऊ नकोस म्हणावं ते काम, कागदाची वाट बघ म्हणावं. सगळं माझ्या समोरच होतं. या वहीत मी माझ्या हाताने लिहून ठेवलंय आणि मला वाचता आलं नाही. मी भर रांगेत उभी राहून रडले. जॉर्जियाच्या बाईने खिशातून रुमाल दिला, तिला वाटलं मी तिच्या आईसाठी रडते आहे. तेही थोडं खरंच होतं.

खिडकीत एक पोरगेलासा कारकून होता. त्याने यंत्रात पाहिलं. पत्रात एवढंच होतं: घरमालकाच्या सहीवर शिक्का नाही, तो आणा. मुदत सोमवारपर्यंत. नाही आणला तर अर्ज बंद, सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे दोन्ही चुका माझ्या. मी त्याला तसं सांगितलं. "त्या बाईची काही चूक नाही, लिहून घ्या. मी चौतीस वर्षं टपालात होते आणि मला अक्कल आली नाही." तो म्हणाला, आजी, लिहून घ्यायला रकाना नाही, शिक्का आणा.

तिथून टपाल कचेरी. माझ्या जुन्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिले. पुढे सात माणसं. यित्काने ओळखपत्र मागितलं, माझा चेहरा ताडून पाहिला, जसं मी तिला शिकवलं होतं तसं. मग विचारलं, "कोण आहे ही प्रोथेरो?" मी म्हटलं, "माझ्याकडे राहते. शिक्षिका आहे." मागची रांग ऐकत होती. ऐकू दे.

बाराला दहा मिनिटं असताना कारकुनाने कागद घेतला आणि पोचपावती दिली.

रात्री डिलिसला सगळं सांगितलं, डब्यावर नाव लावल्याचं खोटं सुद्धा. ती रागावेल म्हणून मी मनाची तयारी केली होती. ती लाल झाली, उठून राडिमच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर आली आणि म्हणाली, "मला फार राग आलाय. पण तुम्ही जेवला नाही आहात." अंडी तळली तिने, जरा करपवली. जेवताना मी विचारलं, राडिमचं तुला कधी कळलं? ती म्हणाली, कप विसळत होते तेव्हा. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, "ते त्याने सांगायचं होतं."

१२ नोव्हेंबर

रविवार. नेहमी मी विचारते, कधी येतोस. आज नाही विचारलं. म्हटलं, "राडिम, तुला निघता येत नाही ना?"

त्याने विचारलं, "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. रांगेत उभी होते."

मग म्हणाला, "बाबांच्या वेळी मी विमानतळापर्यंत गेलो होतो. बॅग भरली होती. गाडी लावून तीन तास आत बसलो होतो, आई." दोघं फोन धरून नुसते बसलो. तिकडे कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता, तो ऐकत.

ठेवताना म्हणाला, तू रागावली असशील. मी म्हटलं, होते. आता राग संपला.

१ डिसेंबर

डिलिसचे दिवस भरत आले. उत्तर आलेलं नाही, आणि त्याची वाट इथे राहून बघता येत नाही. आईकडे चालली. आम्ही खाली उतरलो तेव्हा तिला डबा दाखवला. अलोइसच्या पट्टीखाली मी नवी पट्टी लावली आहे, स्क्रूने. चिकटपट्टी नाही. डी. प्रोथेरो. तिने बोट फिरवून पाहिलं. पोकोर्नाबाईंनी इंग्रजीत निरोपाचं भाषण केलं, त्यातलं हवामान तेवढं मला कळलं.

तपकिरी सपाता घेऊन जाऊ का, तिने विचारलं. मी म्हटलं, राहू देत इथेच, तुझ्याच आहेत. फरफर बंद झाल्यापासून घर फार शांत आहे.

२३ जानेवारी

व्हिसा मंजूर. तिने फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघीही एकदम बोलायला लागलो. आठवड्याला बारा तास, वेगळ्या शाळेत, कागदावर. दुशेकनेही विचारलं होतं, त्याला नाही म्हणाली.

मी म्हटलं, डिलिस, आता तू माझं एक काम कर.

७ फेब्रुवारी

परवा विमान. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. पासपोर्टच्या फोटोत मी पळून गेलेल्या गुन्हेगारासारखी दिसते. अमेरिकेचा परवानगीचा अर्ज डिलिसने तिकडून फोनवर बसून भरून दिला, एकेक प्रश्न मला चेकमध्ये विचारून. मलाही नव्वद दिवसच मिळालेत. राहता येईल, काम करता येणार नाही. मी तिला म्हटलं, मुलाला जेवायला घालणं हे काम धरतात का ते विचारून घे. ती हसली, पण मग म्हणाली, तिकडच्या विमानतळाच्या दारावर विचारलं तर फक्त फिरायला आले म्हणा.

त्याला बाहेर पडता येत नाही. मला आत जाता येतं. एवढं साधं गणित करायला मला अकरा वर्षं आणि एक भाडेकरू लागली.

ती चौदाला पोचेल, मी तेव्हा इथे नसेन. किल्ली पोकोर्नाबाईंकडे. सूप बाल्कनीतल्या थंडीत गोठवून ठेवलंय. टपालाच्या डब्यावर नाव आहे.

बॅगेत खसखशीचे केक, वाळवलेली अळंबी, अलोइसचं घड्याळ. सगळ्यात वर निळ्या सपाता ठेवल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. तिकडे लोक घरात बुटासकट फिरतात असं ऐकलंय. त्याला घट्ट होतील कदाचित, पण बघू घालून.